गादीवालीचा टाका

रजियाबीनं बॉल दोन गुडघ्यांत घट्ट दाबला, सुई आरपार काढली आणि उरलेला दोरा दातांनी तोडला. सकाळपासूनचा हा तिसरा. खुर्चीवर बसून तिला काम सुधरत नसे, म्हणून मैदानाच्या कडेला लिंबाखाली तिनं शाल अंथरली होती, आणि अकोल्याच्या कॉलेजची पोरं सराव करता करता उसवलेला बॉल तिच्या पुढ्यात आणून टाकत होती.

"चाची, हाही गेला," कॅचर सहदेव म्हणाला.

"गेला कसा? बॉल खेयता का गोटे फोडता रे तुमी?"

"तुमच्या नईमचा बॉल झेलून हात सुजला माया, अन् बोलणे आमालेच!"

रजियाबीनं मान वर केली नाही, पण आतून ती फुलली. लेकाची तारीफ समोर ऐकताना तिला लाज वाटे, आणि कोणी केली नाही तर दिवसभर चुकल्यासारखं होई.

विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन बेसबॉल स्पर्धेची ती फायनल होती. एका बाजूला अकोला, दुसऱ्या बाजूला यजमान अमरावती. रजियाबी आदल्या दिवशीच अमरावतीत लेकीकडे, नगमाकडे, येऊन राहिली होती. पन्नाशीला टेकलेल्या या बाईनं जन्मात एकही मॅच पाहिली नव्हती. बेसबॉलशी ओळख मात्र दोन वर्षांची होती, आणि ती चांगली घसटीतली होती.

अकोल्यात ताजनापेठेत त्यांचं गादीचं दुकान. नवरा शफी रुई पिंजायचा, रजियाबी शिवायची. ती मूळची मूर्तिजापूरकडच्या खेड्यातली. उर्दू तिला नवऱ्याशी भांडण्यापुरती लागे, मायेचं सगळं बोलणं वऱ्हाडीतच चाले. दोन वर्षांपूर्वी नईमच्या कॉलेजातले खेळाचे सर, कमलाकांत, दुकानात आले ते बेस शिवून घ्यायला. बेस म्हणजे मैदानात ठेवायच्या तीन चौकोनी गाद्या. "माणसानं निजायचं नाही यावर, फक्त पाय लावायचा," असं सरांनी समजावलं तेव्हा रजियाबीला हा खेळ काढणाऱ्याच्या अकलेची कीव आली होती. बेस मात्र तिनं असे शिवून दिले, की सर ते कितीतरी वेळ हातानं दाबून बघत राहिले. मग त्यांनी पिशवीतून एक उसवलेला बॉल काढला आणि भीत भीत विचारलं, "हे जमेल?"

कॉलेजला दोन वर्षांत नवे बॉल आले नव्हते. सालं नापिकीची होती, कशालाच पैसा येत नव्हता. खेड्यापाड्यांतली लग्नं पुढं ढकलली जात होती, आणि लग्नं नाहीत म्हणजे गाद्या नाहीत. रजियाबीचे हात रिकामेच होते. तिनं चामड्याची दोन पानं उलटीपालटी करून पाहिली, मेणाचा दोरा घेतला आणि बॉलला आपल्या सवयीचा टाका घातला. गादीच्या कडेला घालतात तो. दोन्ही बाजू चिमटीत उचलायच्या, खेचायच्या आणि कड उभी राहील असं शिवायचं. उभ्या कडेची गादी वर्षानुवर्षं आकार सोडत नाही. बॉलचं काही वेगळं असेल हे तिच्या मनातही आलं नाही, आणि सरांना तो गोल झाला यातच सगळं मिळालं.

त्याच बॉलांवर नईम पिचर झाला. तो फेकायचा तो बॉल सरळ येता येता मध्येच खाली वाकायचा आणि बॅट हवेत फिरून जायची. दोन वर्षांत ताजनापेठेतल्या चहावाल्यालाही ठाऊक झालं होतं, की गादीवाल्याच्या पोराचा बॉल वळतो.

आणि आज त्या बॉलावर पुष्कळ काही होतं. मॅच झाल्यावर लगेच विद्यापीठाचा संघ निवडायचा होता. नईमचं हे शेवटचं वर्ष. विद्यापीठाकडून खेळल्याचं प्रमाणपत्र हाती आलं, की नोकरीत खेळाडूंच्या जागा असतात तिथं दार उघडायचं. क्रिकेटमागं हजार पोरं धावतात, बेसबॉलमागं अठरा, हे गणित कमलाकांत सरांनी खेड्याखेड्यांत जाऊन सांगितलं होतं. म्हणून तर ज्यांनी बेसबॉल हा शब्द ऐकला नव्हता अशी पोरं कपाशीच्या शेतातून उठून त्यांच्याकडं आली होती. त्यातली तीन आजही येऊ शकली नव्हती. खरेदी केंद्रावर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती आणि चार दिवस गाडीजवळ कोणीतरी बसायला हवं होतं. उरलेल्यांना रेल्वेत बसवताना सरांनी एकेकाला विचारलं होतं, "घरी सगळे बरे आहेत ना?" शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या त्या वर्षांत हा प्रश्न सहज विचारला जात नसे, आणि पोरंही सहज उत्तर देत नसत.

"हे झाड तुमचंच का फक्त?"

रजियाबीनं वर पाहिलं. फिकट जांभळी साडी, वर स्वेटर, हातात डबा. अशी बाई उभी होती.

"बसा नं. झाडाले कोण मालक?"

बाई बसल्या. नाव प्रमोदिनी. शाळेत शिकवत. मुलगा अमरावतीच्या संघात, शुभंकर. हे सगळं त्यांनी डब्याचं झाकण उघडेपर्यंत सांगून टाकलं आणि चिवडा पुढं केला.

"तुमचा कोणता?"

"तो. दंड फिरवून राहिला तो."

"अगोबाई! नईम? त्याच्या नावानं तीन रात्री झोपला नाही हो आमचा. म्हणतो, आई, त्याचा बॉल दिसतो एकीकडे आणि येतो दुसरीकडे."

रजियाबीनं चिवड्याची मूठ तोंडात टाकली, म्हणजे उत्तर द्यायला नको.

मॅच सुरू होण्याआधी पंच नत्थुजींनी दोन्ही कप्तानांना बोलावलं आणि सर्वांना ऐकू जाईल असं सांगितलं, की फायनल विद्यापीठाच्या मोहोरबंद बॉलांवरच होईल. संघांनी आपापले बॉल पिशवीत ठेवावेत. पेटी फोडली तेव्हा आतून सहा नवे, पांढरेशुभ्र बॉल निघाले. नईमनं एक हातात घेतला, अंगठ्यानं फिरवला, आणि त्याचा चेहरा उतरला. एवढ्या दुरूनही आईला ते दिसलं. कारण मात्र कळलं नाही.

पहिल्या इनिंगमध्ये ते सगळ्यांनाच दिसलं. नईमचा बॉल सरळ यायचा आणि सरळच जायचा. अमरावतीच्या पोरांनी आधी बिचकत बॅट फिरवली, मग धीर आला, आणि तिसऱ्या पोरापासून फटक्यांचे आवाज सुरू झाले. तीन धावा झाल्या. प्रमोदिनीबाईंनी दोनदा टाळ्या वाजवल्या, मग शेजारी कोण बसलंय ते आठवून हात पदराखाली घेतले.

"आजारी आहे का हो तो?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाई. सकायी दोन पराठे खाल्ले त्यानं."

मग एक बॉल बॅटच्या कडेला लागून मागं उडाला, जाळीला आपटला आणि घरंगळत लिंबाखाली आला. रजियाबीनं तो उचलला. परत फेकण्याआधी तिचा अंगठा आपोआप शिवणीवरून फिरला, कारण शिवलेली वस्तू हातात आली की तो फिरायचाच. शिवण सपाट होती. टाके चामड्यात बसून गेलेले, कुठं उंचवटा नाही, अंगठ्याला काही लागत नाही. तिनं बॉल धावत आलेल्या पोराकडं टाकला आणि शेजारच्या पिशवीतून आपला काढला. त्याची कड उभी होती. गादीची कड.

रजियाबीनं नईम धरतो तशी दोन बोटं त्या कडेवर रोवून पाहिली. नईमची बोटं रोज कशात अडकत होती आणि आज त्यांना काय सापडत नव्हतं, ते तिला मॅच न समजताही समजलं. तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. दोन वर्षं ती चुकीचं शिवत होती, आणि अख्ख्या ताजनापेठेनं त्या चुकीला टाळ्या वाजवल्या होत्या.

चौथ्या इनिंगनंतर नईम पाणी प्यायला झाडाखाली आला. तोवर अकोल्यानं दोन धावा फेडल्या होत्या. नईमही सरळ बॉलवर कसाबसा तग धरून होता. तो तिच्याजवळ उकिडवा बसला. तिनं आपला बॉल त्याच्यासमोर धरला आणि कडेवर बोट ठेवलं.

"हे तुले मालूम होतं?"

नईमनं बाटली तोंडाला लावली आणि तहान नसल्यासारखा हळूहळू पीत राहिला.

"कधीपासून?"

"पयल्या बॉलपासून."

"अन् मले सांगतलं काहून नाई?"

त्यानं बाहीनं तोंड पुसलं. "सांगतलं असतं त तू सिधा शिवला असता."

रजियाबीला राग आला होता, पण या उत्तरापुढं तो टिकेना. खोटं नव्हतंच ते. कुठल्याही गिऱ्हाइकानं टाका चुकला म्हटलं असतं, तर तिनं रात्रभर बसून अख्खी गादी उसवली असती. पोरगं तिला पुरतं ओळखून होतं. तिनं त्याच्या डोक्यावर टपली मारली, आणि हात तसाच त्याच्या घामेजल्या केसांवर क्षणभर राहिला.

"जाय. फेक आता जसा येते तसा."

मॅच पुढं सरकली. मैदानामागं वेड्या बाभळीनं भरलेला नाला होता आणि त्यानं दोन नवे बॉल गिळले. एक डबक्यात पडून भिजला, जड झाला. दोनांचे टाके तुटले. सहाव्या इनिंगमध्ये अकोल्याच्या सहदेवच्या फटक्यावर बेसवरचे दोघं धावत घरी, म्हणजे निघाल्या जागी, परतले आणि फळ्यावर चार-तीन झालं. अकोला पुढं! रजियाबीला आकड्यांपेक्षा पोरांच्या उड्यांवरून ते कळलं. प्रमोदिनीबाई डब्यातल्या चिवड्यातले शेंगदाणे एकेक करून वेगळे काढत बसल्या.

सामना सात इनिंगचा. सातव्याचा पहिला अर्धा संपला, आता फक्त अमरावतीची शेवटची बॅटिंग उरली होती, नईमनं तीन जणांना बाद करायचं होतं, आणि नेमका तेव्हाच शेवटचा नवा बॉलही उसवला.

मैदानावर घोळका जमला. अमरावतीचे सर म्हणाले, जुने बॉल चालणार नाहीत, आधीच ठरलंय. कमलाकांत सर म्हणाले, मग काय भिजलेला दगड फेकायचा का? नत्थुजी उसवलेला बॉल हातात घेऊन इकडंतिकडं पाहत होते. त्यांची नजर लिंबाखाली गेली.

ते स्वतः चालत आले. मागं सगळे.

"बाई, हा एवढा शिवून द्या. वीतभरच उसवला आहे. पण ऐका, जसा होता तसाच झाला पाहिजे."

"हो जी," रजियाबी म्हणाली.

नत्थुजी वळले. कमलाकांत सर मात्र मागं रेंगाळले, चपलेचा पट्टा सारखा करायला वाकले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "रजियाबी, तुमच्या हाताला जसं येते तसं शिवा. कोणी मोजून पाहत नाही." बोलताना त्यांनी तिच्याकडं पाहिलं नाही. हा माणूस एरवी पोरांना एका धावेचंही खोटं बोलू देत नसे, हे तिला ठाऊक होतं. त्यांना त्या पोराची निवड किती हवी होती, तेच त्यातून दिसलं.

पिचरला बोटभर कड पुरते. वीतभर म्हणजे चंगळ होती.

रजियाबीनं दोरा घेतला, मेण लावलं, सुई डोळ्यांजवळ नेली. दोनदा दोरा हुकला.

"द्या इकडे," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा वर केला, दोऱ्याचं टोक जिभेला लावून एका फटक्यात ओवलं आणि सुई परत दिली. "माझ्या आईचं असंच होतं. डोळे दाखवून घ्या एकदा."

आपला मुलगा ज्या बॉलानं बाद व्हायचा त्याची सुई ओवून दिली, हे त्या बाईच्या गावीही नव्हतं. रजियाबीला एकदम तिचा हात धरावासा वाटला.

पण ती थांबली ते त्यासाठी नाही. पहिल्या टाक्याला तिनं चामड्याच्या दोन्ही कडा चिमटीत उचलल्या, तेव्हा तिच्या डोळ्यांपुढं दुसरंच आलं. निवड झाली की वीस दिवसांचा कँप, आणि मग दुसऱ्या राज्यात मोठी स्पर्धा. तिथं रोज नव्या बॉलांची पेटी फुटते, असं सरांनीच कौतुकानं सांगितलं होतं. तिथं कोणत्या झाडाखाली ती शाल अंथरून बसणार होती? रोज सपाट बॉल हातात येणार, रोज सगळ्यांदेखत तो सरळ जाणार, आणि पोरगं मान खाली घालून उभं राहणार. आज तिनं कड उभी केली तर नईम निवडला जाईल. पण निवडला जाईल तो तिचा टाका. नईमला नुसतंच सोबत पाठवल्यासारखं होईल.

तिनं चिमटी सोडली.

सपाट शिवणं किती अवघड असतं ते तिला त्या वीस मिनिटांत कळलं. हात तीस वर्षांच्या वळणानं कड उचलायला बघत होता. प्रत्येक टाक्याला तिनं त्याला दाबून धरलं. दोन टाके उसवून पुन्हा घातले. पोरं कुजबुजत होती, कोणीतरी शिट्टी मारली, नत्थुजींनी घड्याळ पाहिलं. शेवटची गाठ तिनं चामड्याखाली लपवली, बॉल तळव्यावर फिरवला, डोळे मिटून अंगठा फिरवला. जुनी शिवण कुठं संपते आणि तिची कुठं लागते ते तिचं तिलाच सापडेना.

नत्थुजींनी बॉल घेतला, पाहिला, मान डोलावली आणि नईमकडं टाकला.

नईमनं अंगठा फिरवला. थांबला. पुन्हा फिरवला. मग त्यानं सावकाश मान वळवून लिंबाकडं पाहिलं. रजियाबीनं नजर चुकवली नाही. लेकानं टोपी काढली, कपाळ पुसलं, टोपी पुन्हा घातली आणि पाठ फिरवली.

पहिला पोरगा जमिनीवरच्या फटक्यावर बाद झाला. दुसऱ्यानं सरळ बॉल सरळच परत पाठवला आणि पहिल्या बेसवर जाऊन उभा राहिला. तिसऱ्याला नईमनं तीन बॉल असे टाकले, की त्याची बॅट उचलायच्या आत सहदेवच्या हातमोज्यात आवाज झाला. वळण नव्हतं त्यांत. नुसता जोर होता आणि नेम होता. रजियाबीनं हे पहिल्यांदाच पाहिलं, की पोराचा खांदा एवढा मोठा झालाय. चौथ्यानं बॅटचं टोक लावून कसाबसा बेस गाठला. आता दोन बाद, दोन बेसवर, आणि बॅट घेऊन आला शुभंकर.

प्रमोदिनीबाईंनी डबा बाजूला ठेवला. दोघी एकमेकींकडं न बघता जवळ सरकून बसल्या.

पहिला बॉल शुभंकरनं सोडला. दुसऱ्यावर बॅट हुकली. तिसरा नईमनं वळवायला पाहिला. रजियाबीला त्याच्या मनगटावरून ते कळलं. बॉल वळला, पण थोडा. जितका वळायचा त्याच्या पाव. शुभंकरची बॅट त्याला बरोबर मधोमध भेटली. तो आवाज ऐकला आणि कोणाला काही विचारायची गरज राहिली नाही. बॉल सगळ्यांच्या डोक्यांवरून गेला, दोघंही धावत घरी आले आणि अमरावतीची पोरं एकमेकांच्या अंगावर पडली. पाच-चार.

प्रमोदिनीबाई उठल्या, टाळीसाठी हात वर केले आणि पुन्हा खाली बसल्या. त्यांनी रजियाबीच्या मनगटावर हात ठेवला.

"घाबरवलं होतं हो तुमच्या मुलानं."

"जा, तुमच्या पोराले भेटा आधी," रजियाबी म्हणाली. "चांगला खेयला तो. जा."

संघाची यादी निवड समितीच्या केशवरावांनी दुपारी वाचली. शुभंकरचं नाव तिसरं होतं. दहावं झालं, पंधरावं झालं, सोळावं झालं, आणि नईमचं आलं नाही. कमलाकांत सर जमिनीकडं बघत उभे होते. केशवरावांनी कागद उलटला. "दोन राखीव," ते म्हणाले, आणि दुसरं, अगदी शेवटचं नाव नईमचं वाचलं.

"राखीव म्हणजे जी?" रजियाबीनं सरांना विचारलं.

"म्हणजे कँपला जायचं. तिथं खेळ दिसला तर संघात घेतात. नाही दिसला, तर पाणी द्यायचं आणि परत यायचं." सरांनी मान वर केली. "केशवराव म्हणाले, याचा बॉल वळत नव्हता, पण शेवटच्या इनिंगमध्ये पोरगा डगमगला नाही." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "मी तुम्हांला मघाशी जे बोललो ना..."

"काय बोललात? मले काई ऐकू आलं नाई," रजियाबी म्हणाली.

बडनेऱ्याहून पॅसेंजर सुटली तेव्हा साडेचार झाले होते. पोरं थकून एकमेकांच्या खांद्यावर मान टाकून पडली. सहदेव खिडकीशी घोरायला लागला. नईम आईसमोरच्या बाकावर, त्याच्या शेजारी बसला होता आणि मॅच संपल्यापासून तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता. तिनं विचारलं, भूक लागली का, तर त्यानं मान हलवली. मग तिनं काही विचारलं नाही. आपण बरोबरच केलं, हे तिला अजूनही पटत होतं. पण पटतं म्हणून दुखायचं थांबत नाही. पोराच्या नोकरीचं जमत आलेलं आपण वीस टाक्यांत उसवलं की काय, हे तिच्या मनातून जाईना.

कुरूम स्टेशन गेल्यावर नईमनं बॉलांची पिशवी मांडीवर घेतली. दुकानातला छोटा चाकू काढला, रुईच्या गाठीचा दोर कापायचा तो. एक बॉल उचलला, तिनंच शिवलेला, आणि त्याच्या कडेत चाकूचं टोक घातलं.

कच्चकन टाका तुटला.

रजियाबीनं हात पुढं केला नाही. एवढा राग त्याचा हक्काचा आहे, असं तिला वाटलं. दुसरा टाका तुटला, तिसरा तुटला. नईम खाली मान घालून कापत राहिला. एक बॉल संपला तसा त्यानं दुसरा घेतला. तेव्हा कुठं तिच्या लक्षात आलं, की तो फाडत नव्हता. चामड्याला कुठं ओरखडा जाऊ नये म्हणून एकेक टाका आधी उचलत होता, मगच कापत होता. दोऱ्याचे तुकडे वेचून खिशात टाकत होता. सुटी झालेली पानं त्यानं बाकावर जोडी जोडीनं मांडून ठेवली होती, आणि उघडे पडलेले सुताचे गोळे टोपीत.

"काय करून राहिला रे?"

"कँप सुरू व्हाले अजून अठरा दिवस हायेत," नईम मान वर न करता म्हणाला. "सहा बॉल हायेत. सगळे आजच्यावानी सिधे शिवून दे."

गाडी डुलत होती, आणि चाकू पोराच्या अंगठ्याजवळून जात होता.

"हात कापशीन," ती म्हणाली.

"नाई कापत."

ती उठली. बाकाचा आधार घेत पलीकडं गेली, सहदेवला ढोसून खिडकीपासून सरकवलं आणि नईमला खिडकीची जागा दिली. मूर्तिजापूर यायला अजून वेळ होता आणि टाके उसवायला खिडकीशी उजेड चांगला होता.